पाइप सोलणारा सुदाममामा

रत्नामामीचा फोन आला तेव्हा मी केजच्या बसस्टँडवर पत्रकं वाटत होते. "तुझा मामा गेला," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पत्रकं संपली का?" थोडी राहिलीत, मी म्हणाले. "मग वाटून ये. त्यानं तेच सांगितलं असतं." पत्रकावर एवढंच होतं की ज्यांनी साखर कारखान्यात पाइपांवरचा पांढरा लेप काढला त्यांनी छाती तपासून घ्यावी. मी वाटली... रडत वाटली, आणि त्या दिवशी कुणीही पत्रक हातात घ्यायला नाही म्हटलं नाही.

सुदाममामा आईचा धाकटा भाऊ. आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील जयंतीची, मोर्चाची पत्रकं छापून आणायचे आणि त्यांवरच मी अक्षरं गिरवली. मामाला त्यांचा कंटाळा. "लई लिहिता तुमी, वाचतंय कोण," म्हणायचा. तरुणपणी तो एका सहकारी कारखान्यात होता. वाफेच्या पाइपांवर उष्णता टिकावी म्हणून पांढरा लेप देतात, कापड गुंडाळतात. जुनं झालं की खरवडून नवं लावतात. त्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओलं करून काढलं तर धूळ कमी उडते, एवढं टोळीला ठाऊक होतं. पण ती दुष्काळाची वर्षं. ऊस नसल्यामुळे गाळप लवकर संपे, दुरुस्ती लांबे, म्हणून मामाच्या टोळीला काम भरपूर; आणि कारखान्याची वसाहत मात्र टँकरवर जगत होती. पाइपावर पाणी ओतायला त्यांचा हात धजेना. कुणाचा हुकूम नव्हता. त्यांनीच ठरवलं, कोरडं खरवडायचं, तोंडाला उपरणं बांधायचं. मला राग येतो तो त्यांच्यावर नाही. पाणी वाचवणाऱ्या माणसांना ज्यांनी त्या धुळीचं नावसुद्धा सांगितलं नाही, त्यांच्यावर येतो. सभासदांचा कारखाना म्हणून ढोल वाजले, पण कामगाराच्या छातीत काय जातंय हे कुणी पाहिलं नाही.

पुढे कारखाना बंद पडला, मामानं थोडी जमीन घेतली, तीसेक वर्षं गेली. मग एका बाजूला छातीत दुखू लागलं. चढावर दम लागे, वजन उतरलं. छातीत पाणी झालं. काढलं, पुन्हा झालं. थुंकीत काही सापडत नसताना टीबीची औषधं चालू राहिली. प्रत्येक दवाखान्यात केसपेपर काढताना विचारत, व्यवसाय? आणि मामा ताठ बसून सांगे, "शेती." खोटं नव्हतं ते. आमच्या आज्याचा जन्म दुसऱ्याच्या बांधावर गेला. स्वतःची जमीन झालेल्या त्याच्या मुलाला हा शब्द उच्चारण्यात केवढा मान वाटत असेल. पण त्या मानापायी महिने गेले. शेवटी जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेतीच्या आधी काय करत होतात?" मामा म्हणाला, "काही न्हाई, पाइप सोलायचो." बाई लिहिता लिहिता थांबल्या. छातीच्या आवरणाचा तुकडा तपासायला गेला आणि आजाराचं नाव आलं, मेसोथेलिओमा. धूळ छातीत गेल्यावर कित्येक दशकांनी उगवणारा कर्करोग. "लवकर कळलं असतं तर?" मी विचारलं. "बरा झाला असता असं नाही सांगत. उपचारांना जागा मिळाली असती," बाई म्हणाल्या आणि कागदावर आजाराचं कारणही लिहून दिलं.

तो कागद घेऊन आम्ही कोर्टात गेलो. मोफत कायदेशीर मदतीसाठी नेमलेल्या वकीलबाईंनी सांगितलं, भरपाईच्या दाव्याला मुदत असते, उशीर करू नका. मामांचा जबाब आत्ताच नोंदवू, आणि बरोबर काम केलेला कुणीतरी आणा. कारखान्याचं हजेरी रजिस्टर कुठे गेलं ते कुणाला माहीत नव्हतं. पत्ता ठाऊक असलेला एकच, नामदेव, टोळीचा मुकादम, आता धारूरच्या डोंगरात मेंढरं राखणारा. त्याच्याकडे जायला मामा जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला, वाटेत तीनदा जीप थांबवून श्वास घेतला.

"कामून आलास बे?" नामदेव लांबूनच म्हणाला. "तुला वर न्यायला आलेत म्हणं."

"आलेत. म्हणलं, नाम्याला इचारून येतो."

दोघं हसले. नामदेवनं बिडी काढली, ती मामानं हातातून घेतली. "आदी छातीचा फोटो काढ."

"मला काय झालंय? रोज डोंगर चढतो."

"मी बी चढत व्हतो."

नामदेव हळूच म्हणाला, पोरगं दुसऱ्या कारखान्यात लागलंय, बापानं जबाब दिला तर त्याची नोकरी जाईल. माझं रक्त उसळलं, मी हक्कांवर बोलायला लागले. "तू गप गं, पत्रक नको वाचू," मामा म्हणाला, आणि नामदेवकडे वळला. "पोरगं कंच्या खात्यात हाय?"

"बॉयलरला."

"तिथल्या पाइपाला काय गुंडाळलंय, इचारलंस कदी?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं नामदेव केजला हजर. जबाब दिला, छातीचा फोटो काढून मोठ्या दवाखान्यात दाखवला. आवरणावर त्या धुळीचे जुने डाग निघाले, कर्करोग नव्हता. बिडी सोडायची, दर वर्षी तपासायचं, डॉक्टरबाईंनी बजावलं. मामा खाटेवर उठून बसला, नामदेवचा दंड धरून म्हणाला, "सापडलास बे, येळेवर सापडलास." मी त्याला इतका आनंदी क्वचितच पाहिला होता.

दाव्याचा निकाल लागायच्या आत मामा गेला. वारस म्हणून मामीनं नाव लावलंय, तारीख पडते, ती जाते. मामाची समोरची खोली तशीच आहे, फक्त खाट काढून तिथे सतरंजी टाकली. गेल्या रविवारी नामदेव टोळीतल्या दोघांना घेऊन आला. एक आत बसला. दुसरा पायरीशीच उभा, मला काही होत न्हाई, म्हणत. मामीनं त्याला चहा दिला नाही. "आत बसून प्या," म्हणाली, आणि कप सतरंजीवर ठेवून दिला. तो चपला काढून आत आला, भिंतीला टेकून बसला. कुणी कारखान्यात काय काम केलं ते लिहून ठेवायच्या वहीचं मी नवं पान उघडलं. मी नाव विचारायच्या आधीच त्यानं कारखान्यातलं काम सांगितलं.