दोन मोऱ्यांच्या गप्पा

घराची प्रकृती त्याच्या मोरीवरून कळते. हे वाक्य मी केजमधल्या एका सत्कारात, गळ्यात हार असताना म्हटलं होतं आणि लोकांनी गंभीरपणे माना डोलावल्या होत्या. त्या दिवशी आमच्या स्वतःच्या न्हाणीत घोट्याएवढं पाणी उभं होतं, आणि ते कशाचं लक्षण आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

लक्षणं दोन महिन्यांपासून होती. आई स्वयंपाकघरात भांडी विसळायला लागली की पलीकडच्या न्हाणीच्या जाळीतून गुडगुड ऐकू यायची. वडील म्हणाले, हवा आहे. मग वास यायला लागला. वडील म्हणाले, हवा बदलली आहे. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं आणि त्या दिवशी सगळं घर धुण्यावर तुटून पडतं. त्यामुळे मोरीतून पाणी मागे फिरणं हे आम्ही सुबत्तेचं लक्षण धरलं. सोडा झाला, उकळतं पाणी झालं, सळई झाली. ॲसिड ओतल्यावर जाळी लख्ख झाली. पाणी होतं तिथंच राहिलं.

शेवटी गवंडी आला. त्याने स्वयंपाकघराच्या दारातूनच निकाल दिला, "फरशी फोडावी लागंल."

ही फरशी आईने वीस वर्षं वाट पाहून मिळवली होती. गेल्या दिवाळीपर्यंत ती खडबडीत शहाबादीवर वावरत होती. नवी, दुधी रंगाची फरशी तिने दुकानात जाऊन स्वतः निवडली होती, आणि ओल्या पायाने कुणी आत आलं तर घरात अर्धा दिवस शांतता असायची. गवंड्याचं ऐकून तिने मेथीची जुडी उचलली. पाट घेऊन स्वयंपाकघराच्या मधोमध बसली आणि मेथी निवडायला लागली. "फोडा की," ती म्हणाली, "माझ्या भोवतीनं फोडा."

गवंडी उद्या येतो म्हणाला.

तो यायच्या आत शेजाऱ्यांनी मोऱ्या मोकळ्या करणारा एक माणूस पाठवला. मूळचा सिरसाळ्याचा, पन्नाशीचा, काटकुळा. मोटारसायकलला मागे पोत्यात लोखंडी स्प्रिंगचं वेटोळं बांधलेलं. मला वाटलं, आता तो स्प्रिंग घालेल. त्याने आधी पंखा बंद करायला सांगितला. मग मिक्सर. मग मला, गप्प बसायला.

"मावशी, आधी कोणती मोरी बोलती?"

"मी हितं पाणी वतलं की न्हाणीतली गुडगुडती. मंग तिच्यातनं पाणी वर येतं."

"एक मोरी तुंबली तर घरच्यानं बघावं. दोघी एकमेकीशी बोलाया लागल्या की आमाला बोलवावं. तुमी दोन महिने त्यांच्या गप्पाच ऐकल्या."

त्याने आईला स्वयंपाकघरातल्या मोरीत बादली ओतायला सांगितली आणि स्वतः न्हाणीत उकिडवा बसून डोळे मिटले. पहिली बादली गेली. दुसरी गेली. तिसरी जाळीतून परत आली. मग स्टीलचा पेला फरशीवर पालथा धरून, त्याच्या बुडाला कान लावून तो हातभर-हातभर पुढे सरकत राहिला. मी बरीच माणसं ध्यान लावून बसलेली पाहिली आहेत, बहुतेक व्यासपीठावर. खरोखर ऐकणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला.

"फरशीखाली कायबी न्हाई," तो उठत म्हणाला. "पाणी भिताडाभाईर जाऊन आडतंय. चेंबर कुठं हाय?"

"आमच्याकडं चेंबर न्हाई," पेपरामागून वडील म्हणाले.

"आप्पा, दोन बादल्या कुठंतरी मावल्या. नळीत एवढी जागा नसती."

तो बाहेर गेला आणि काठीने जमीन ठोकत भिंतीकडेने चालू लागला. आम्ही मागे. बेलाच्या झाडाखाली आमचा गुडघ्याएवढा दगडी नंदी आहे. त्याच्या स्थापनेला मांडव होता, माइक होता, एका पुढाऱ्याचं भाषण होतं आणि ते नंदीपेक्षा बरंच मोठं होतं. त्या माणसाने चपला काढल्या, नमस्कार केला आणि नंदीच्या पायाशी काठी ठोकली. आवाज वेगळा आला.

"हाय. देवाच्या खाली."

सगळ्यांनी वडिलांकडे पाहिलं. नंदी ठेवायला सपाट आणि भक्कम जागा लागते, आणि अंगणात तशी एकच होती, चेंबरचं झाकण. हे वडिलांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आई मेथीची जुडी हातात घेऊन दारात आली होती. "म्हंजे माझी फरशी फुटली असती, अन् तुमी पेपर वाचत बसला असता?"

"स्थापना झालीय त्याची," वडील हळू आवाजात म्हणाले.

"मंग? बैलच हाय. उठवला की उठतो."

चौघांनी नंदी उचलला. डोक्याची बाजू वडिलांनी धरली, ओठांत मंत्र. झाकण उघडलं तर चेंबर काठोकाठ भरलेलं. त्या माणसाने स्प्रिंग बाहेर जाणाऱ्या नळीत घातली आणि मूठ फिरवता फिरवता दुसरा तळवा तारेवर ठेवला. "मऊ लागतंय... अजून मऊ... आता धरलं." एक राखाडी गोळा बाहेर आला. त्याने तो काडीने उलगडला. आम्ही काय खातो-पितो ते आमच्याकडे न बघता सांगितलं. चहापत्ती, भात, भांडी घासायची राख, आणि तेल लई.

"पाणी जपून वापरता ना? त्यानंच थर बसलाय. घाणीला वाहून जायाबी पाणी लागतं."

पाणी जपणं हा आमच्याकडे सद्गुण आहे. त्याचा गोळा होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चेंबरमधलं पाणी आधी थरथरलं, मग गोल फिरलं आणि एका दमात खाली गेलं. आईने कुणी न सांगता दोन बादल्या आणल्या, त्याही नळ न येण्याच्या दिवशी. पाणी फरशीखालून, भिंतीखालून, आमच्या पायांखालून वाहत गेल्याचा सलग आवाज आला. आम्ही सगळे माना खाली घालून तो ऐकत उभे होतो. वडिलांनी हात जोडले. नंदीला की त्या माणसाला, हे मी विचारलं नाही.

हात धुऊन तो स्वयंपाकघरात चहाला बसला, थेट त्या फरशीवर. पाय ओले होते. आईने त्याला आणखी अर्धा कप ओतला.

चेंबर दर सहा महिन्यांनी उघडून बघायचं, असं तो सांगून गेला. नंदी आता हातभर उजवीकडे आहे. सोमवारी दर्शनाला येणाऱ्यांपैकी एकालाही अजून फरक कळलेला नाही.