गंजिफाला तिसरा भिडू हवा

म्हैसूरला लोक राजवाडा बघायला जातात. मी गेले एक ट्रस्ट बंद करायला. पर्समध्ये कागद होता, त्यावर टोरांटोच्या दादाची सही झाली होती, माझी बाकी होती.

ट्रस्ट आमच्या बाबांचा. छापखाना विकल्यावर आशियातल्या हस्तकला टिकाव्यात म्हणून त्यांनी तो काढला. मदत तिघांना: काठमांडूचे एक चित्रकार, जावाचे चामड्याच्या बाहुल्या करणारे एक कारागीर आणि म्हैसूरचे नागेशराव, गंजिफा रंगवणारे. गंजिफा म्हणजे जुने गोल पत्ते, सावंतवाडीला पाहिले असतील तुम्ही. बाबांनी हे पस्तीस वर्षं निभावलं. पहिले दोघे आता हयात नाहीत. बाबांना जाऊनही दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून नागेशरावांकडून ट्रस्ट दरवर्षी घ्यायचा तो पत्त्यांचा संच आला नाही. मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. दादा म्हणाला, थकले असतील, आटपून टाक. निदान समक्ष सांगावं म्हणून निघाले.

पुण्याहून थेट रेल्वे आहे, पण रोज नाही. मी विमानाने बंगळूर गाठलं. विमानतळावरच म्हैसूरची सरकारी बस मिळते, चार-साडेचार तास धरा. शेजारची सीट रिकामी होती. बाबांना खिडकी आवडायची, म्हणून मी सवयीने अलीकडे बसले आणि मंड्यापर्यंत तशीच बसून राहिले.

स्टेशनजवळच्या लॉजवर उतरले. नाश्त्याला लोण्याचा मऊ डोसा, सोबत सागू म्हणजे तिथली भाज्यांची पातळ उसळ; कॉफी धरून दीडशेच्या आत. हॉटेलवाला प्रत्येक वेळी ‘किती जण?’ विचारायचा. तीन दिवसांत मी सहा वेळा बोट वर केलं असेल. एकट्याने फिरायची मजा सांगणारे लेख मीही लिहिलेत. त्यातलं निम्मं खोटं होतं.

नागेशरावांचं घर मंडी मोहल्ल्यात, दुकानांच्या मागच्या गल्लीत. रिक्षा तोंडाशीच सोडा, आत वळत नाही. पूर्वज कापड रंगवणारे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, निम्मी कानडी मिसळलेली. ऐंशीच्या घरातला माणूस मला बघून दारातच थांबला. मग म्हणाला, “आलीस? कूतको, बस. मी वाट बघतच होतो.”

त्यांनी कपाटातून लाकडाच्या दोन रंगीत पेट्या काढल्या. आत दशावतारी गंजिफा, लाखेचं पाणी चढवलेल्या, एकेक मासा नि कासव केसाएवढ्या रेघेचं. दोन वर्षांचे दोन संच. माझ्या तोंडून निघून गेलं, मग पाठवले का नाहीत?

“पाठवू कसं? तुझ्या अप्पांचा नियम आहे नव्हे? आट, डाव झाल्याबिगर संच घराबाहेर नाही.”

मग आठवलं. पत्ता खेळला नाही तर ते नुसतं चित्र, असं बाबा म्हणायचे. नवा संच घेण्याआधी ते म्हैसूरला येऊन त्यावर एक डाव खेळत. गंजिफाला तीन माणसं लागतात. बाबा, नागेशराव आणि त्यांच्या पत्नी रुक्माबाई. बाबा गेले त्याच पावसाळ्यात रुक्माबाई गेल्या, आणि ते आम्हाला कळलंही नाही. मुलगा येलवालला असतो, कारखान्यात आहे, तो हा खेळ कधी शिकला नाही. शेजारी रमी खेळतात.

“तुमच्याकडचं कुणी येईल म्हणून रंगवत राहिलो,” नागेशराव म्हणाले. “पत्रात काय लिहू? मी एकटाच आहे म्हणून? तेवढंच लिहायचं होतं. अष्टे, बस्स.”

मला फार लाज वाटली. दोन वर्षं मी पत्रं पाठवत होते, आणि इथे बसायला माणूस हवा होता.

तरी त्यांनी चादर अंथरली, एकशेवीस पत्ते तिघांत वाटले. बाबांनी लहानपणी मला नि दादाला खेळ शिकवला होता. दादा जिंकायचा, मी रडायचे. दिवसा ज्याच्याकडे राम, त्याने सुरुवात करायची. राम माझ्या हातात होता. तिसरा ढीग चादरीवर पालथा पडला होता. नागेशराव त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनाही तो उचलवेना, मलाही. दादाला फोन लावला. तिकडे रात्र होती, त्याने उचलला नाही. चहा झाल्यावर नागेशरावांनी पत्ते गोळा करून पेटीत ठेवले. मी पर्स उघडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आग्रहाखातर चामुंडी टेकडीला गेले. सिटी बस मिळते, सकाळी लवकर जा. वरून अख्खं शहर दिसतं. दाखवायला सोबत कुणी नव्हतं, म्हणून फोटो काढले नाहीत. या लेखात ते नाहीत, त्याचं कारण हे.

पुण्यात आले ती रिकाम्या हाताने. दोन्ही संच म्हैसूरलाच आहेत. दादाचा फोन आला, सही केलीस का म्हणाला. मी म्हटलं, ट्रस्ट बंद करायचा तर आधी शेवटचा डाव व्हावा लागतो, भिडू घरातलाच लागतो, तू ये. असा नियम आहे? त्याने विचारलं. बाबांचाच आहे, मी सांगितलं. तो म्हणाला, डिसेंबरमध्ये बघतो.

नागेशरावांना लगेच कळवलं. दादाला मात्र सांगितलेलं नाही की तो नियम माझा आहे.