कोपरे घालवणारं यंत्र

बोरीवलीच्या शुभाताई आठल्यांना काही विकायचं म्हणजे दुकानदाराची सत्त्वपरीक्षाच. माठ घेतानासुद्धा टिचक्या मारमारून माठवाल्याला रडवणार! अशा बाईने घरी दगड घासून गुळगुळीत करायचं यंत्र घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या मुलाने, केयूरने, कपाळालाच हात लावला.

पण कारण गमतीचं नव्हतं. त्यांच्या यजमानांना, नंदकुमारांना, पॅरालिसिसचा झटका आला होता. उजवा हात हलायला लागला, पण हातात काय आहे ते हाताला कळेना. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, डोळे मिटून निरनिराळ्या वस्तू हातात घोळवत राहा. जाण परत येईलही, नाही येणार असंही होईल. शुभाताईंनी राजमा दिला, गोट्या दिल्या. नंदकुमारांनी वाटी भिरकावली. "मी काय बालवाडीत आहे?"

त्यांना हवे होते स्वतःचे दगड. नव्या इमारतींच्या खोदकामातून वर्षानुवर्षं वेचून आणलेल्या गारगोट्या, चांगल्या डबाभर. त्या दिल्या आणि गडी तासभर रमला. पण एका धारदार कोपऱ्याने तळवा कापला, सदरा रक्ताने भरला, आणि ह्यांना पत्ताच नाही! शुभाताईंनी हाताला पट्टी बांधली. दगड काढून घ्यावेत तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडणार. मग दगडांचेच कोपरे घालवू, म्हणाल्या.

"आई, हे थरथरणारं मशीन घे," केयूर मोबाइल दाखवत म्हणाला. "आठवड्यात काम फत्ते."

"आणि कोपरे?"

"ते राहतात थोडे. पण चमक झकास येते ना!"

"चमक काय चाटायचीय मला?" शुभाताई कडाडल्या.

दगड भरलेला डबा गोल फिरवणारं दुसरं यंत्र महिना खातं, पण दगड गोलसर करून देतं. तेच ठरलं. मात्र ते चालणार दिवसरात्र, आणि खालच्या मजल्यावर द्रौपदीमावशी, एकट्या आणि सावध झोपेच्या. शुभाताईंनी दुकानदाराशी हुज्जत घालून प्लॅस्टिकच्या डब्याचं आणि रबरी डब्याचं, अशी दोन्ही यंत्रं बघायला म्हणून घरी आणली. वर केयूरला बटण दाबायला बसवलं आणि स्वतः खाली जाऊन मावशींच्या पलंगावर चक्क आडव्या झाल्या!

"अहो शुभाताई, मला नाही हो कसला त्रास," मावशी ओशाळून म्हणाल्या.

"तुम्ही भिडेखातर बोलाल. माझे कान नाही बोलणार."

प्लॅस्टिकचा डबा वरवंटा गडगडावा तसा ऐकू आला. रबरीची नुसती घरघर. महाग होता, तरी रबरीच घेतला. शेजारणीच्या पलंगावर पडून यंत्र निवडणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

पुढे ती जी काही राबली! डब्यात दगडांबरोबर आधी घासायची जाड पूड, मग बारीक, शेवटी पॉलिशची. दर खेपेला दगड धुवायचे. गाळाने मोरी तुंबते, म्हणून तो बादलीत साठवायचा. गुडघे बोलत होते, वर नवऱ्याचे टोमणे. "दगडांची आमटी करतेस काय?" दगड गुळगुळीत झाले हो, पण ह्यांच्या हाताला ते कळणार का? देवापुढे त्या तेवढंच मागायच्या.

नंदकुमार रोज डोळे मिटून दगड घोळवत बसायचे.

"काही कळतंय?"

"काही नाही."

किती दिवस हेच. एका दुपारी शुभाताई गवार निवडत होत्या, तेवढ्यात ते वैतागून म्हणाले, "अगं, हा टोचतोय. नीट घासला नाहीस तू."

शुभाताईंनी मान वर केली. डोळे मिटलेले, दगड उजव्या हातात. एका खळग्याची कड तशीच राहून गेली होती, आणि अंगठा नेमका तिच्यावर.

"परत बोला."

"टोचतोय म्हटलं ना! बहिरी झालीस काय?"

गवार जमिनीवर सांडली. शुभाताई खिडकीशी धावल्या आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "मावशी! अहो द्रौपदीमावशी, ह्यांना टोचलं हो, टोचलं!"