चेंबर चारच्या दारातल्या चपला

नाना बाहेर गेलेत असं कॉम्प्युटर सांगत होता, तेव्हा ते माझ्या शेजारी आत गुदमरत होते.

आज वर्ष झालं. लिहायचं नव्हतं, पण सकाळपासून डोकं फिरलंय.

जळगावबाहेर आमचं केळी पिकवायचं युनिट. रावेरहून हिरवा माल येतो. चेंबरमध्ये क्रेट रचायचे, दार लावायचं, गॅस सोडायचा. धरणगावचे नाना आमचे मुकादम, मी त्यांच्या हाताखाली.

आत गमबूट घालून जायचं, चपला चेंबरच्या दारात काढायच्या. नानांचा नियमच होता.

"चपला बाहेर शेतस, म्हंजे मानूस मजार शे. दार लावानं नही."

मग वायरलेस आलं. गळ्यात टॅग, ऑफिसात स्क्रीन. कोण आत, कोण बाहेर, सगळं साहेबांना खुर्चीत बसून दिसणार. चपला गेटजवळच्या रॅकवर गेल्या. का, तर दारात बरं दिसत नाही.

सिस्टिम बसवली तेव्हा चेंबर रिकामं होतं. सिग्नल फुल. भरल्या चेंबरमध्ये कोणी तपासलंच नाही. चहूबाजूंनी पत्रा, मध्ये छतापर्यंत पाणीदार फळ, दोन्ही सिग्नल अडवणारं. मागच्या रांगेत सिग्नल मेला.

आणि सिग्नल गेला की माणूस बाहेर गेला, असं त्या दीडशहाण्या सिस्टिमचं गणित.

त्या दिवशी आम्ही दोघं चेंबर चारमध्ये मागे क्रेट सरळ करत होतो. स्क्रीनवर आत कोणीच नाही. दार लागलं.

आतून उघडायचा दांडा जाम. "करू दुरुस्त" असं सीझनभर चाललेलं. फोनला रेंज नाही. पंख्यांच्या आवाजात आमचं ओरडणं कोण ऐकणार?

बंद खोलीत केळीही श्वास घेतात, आपल्याच वाटणीचा. डोकं ठणकायला लागलं. मी खाली बसलो आणि रडलो. लपवत नाही, रडलो.

नाना दारावर क्रेट आपटत राहिले. दम्याचा माणूस. म्हटलं, नाना, बसा ना जरा.

"तू बस भो. तुना पोऱ्या धाकला शे."

नंतर ते बोललेच नाहीत. फक्त आपटत होते. मग तेही थांबलं.

संध्याकाळी झाडणाऱ्या अक्कांना रॅकवर नानांच्या टायरच्या चपला दिसल्या. ऑफिसातला म्हणाला, अक्का, ते गेले, स्क्रीनवर बघा.

"गया? मंग नाना अनवानी घर गया का?"

अक्कांनीच भांडून दारं उघडायला लावली. मला धरून बाहेर काढलं. नानांना उचलून.

मी अजून तिथेच आहे. दुसरं काम येत नाही, जाऊ कुठे? रोज त्याच चेंबरमध्ये शिरतो आणि पाठीमागे दार उघडं आहे ना, हे वळूनवळून बघतो.

दांडा आता दुरुस्त झालाय. टॅग आहेतच. पण नानांच्या चपला अक्कांनी चेंबर चारच्या दारात आणून ठेवल्यात. साहेबांनी उचलायला सांगितल्या, कोणी हात लावला नाही.

त्या दिसल्या की दार लावणारा थांबतो. आधी आत हाक मारतो.

नाना, आज माझी पाळी होती. तुमच्याच नावाने हाक मारली, जरा वेळ वाट पाहिली.

मग दार लावलं.

हात जोडतो, नाना.