गरम अ‍ॅडॅप्टर

मी संशयी आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. नोकरीच तशी. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रसायन कारखान्यात मी आलेला माल तपासते. पिंपावरच्या लेबलावर माझा कधीच विश्वास नसतो. मुलगी चौदाची झाली आणि ही तपासणी मी घरीही सुरू केली.

ती पियानो शिकत होती, पण घरी होता साधा कीबोर्ड. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कानाला हेडफोन. त्यामुळे ती वाजवते की नुसती बसते, कळायला मार्ग नाही. लहानपणी आई टीव्हीच्या पाठीला हात लावून आमची चोरी पकडायची, तसा मी कामावरून आल्या आल्या कीबोर्डच्या अ‍ॅडॅप्टरला हात लावायचे. सुरुवातीला तो गार लागायचा. चोरी पकडल्याचं समाधान मिळायचं. पुढे रोज गरम लागायला लागला, तर वाटायचं, मी यायच्या पाच मिनिटं आधी लावत असणार.

परीक्षा ठाण्याला झाली, खऱ्या पियानोवर. ती नापास झाली. निकालावर शेरा होता: बरेच सूर वाजलेच नाहीत, सराव कमी पडतो. तो कागद मी तिच्यापुढे धरला.

"आई, तिकडच्या पट्ट्या जड होत्या गं. मी दाबत होते, पण वाजतच नव्हत्या."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. ती उठून आत गेली, आणि मी ती कबुली समजले.

मग तिच्या सरांचा फोन आला. साध्या कीबोर्डवर हात तयार होत नाही, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. यांचं आणि दुकानदाराचं साटंलोटं असणार, हे मी फोन ठेवायच्या आतच ठरवलं. रविवारी मुलीला घेऊन ठाण्यात टेंभी नाक्याजवळ, सरांनीच सुचवलेल्या दुकानात गेले ते खरेदीसाठी नाहीच. सर, दुकानदार आणि मुलगी, तिघांचं पितळ उघडं पाडायचं होतं.

दुकानदार साठीचे, शांत गृहस्थ. पट्टी दाबली की आत छोटी हातोडी उचलली जाते, असं ते सांगायला लागले. "खऱ्या पियानोसारखंच, ताई."

'सारखंच' हा शब्द मी कारखान्यात रोज ऐकते. त्यांना बाजूला व्हायला सांगून मी घरच्या कीबोर्डसारखीच एक पट्टी हलकेच दाबली. आवाज नाही. दुसरी दाबली. तीही मुकी.

"पीस खराब आहे तुमचा!"

"पीस चांगला आहे, ताई. बोटात जोर नाही पडला. इतकं हळू दाबलं तर खरा पियानोही वाजत नाही."

मी मशीन बंद करायला लावलं. विजेची काही हातचलाखी असेल तर कळेल. बंद मशीनच्या पट्ट्याही तेवढ्याच जड. शेजारी साधा कीबोर्ड होता; त्यावर नुसतं बोट टेकलं तर सूर आला. परत या पियानोपाशी आले आणि पाचही बोटांनी एकामागून एक पट्ट्या दाबत बसले. दोनेक मिनिटांत करंगळी दुखायला लागली.

बरेच सूर वाजलेच नाहीत. शेरा मला पाठ होता, अर्थ आता कळला. मुलगी गिटारींपाशी पाठ करून उभी होती. मला मनापासून लाज वाटली.

पियानो घेतला. दुकानदार बिल करत होते तेव्हा तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "अंगण वाकडंच होतं गं."

ती हसली नाही. "तू अ‍ॅडॅप्टरला हात लावायचीस ना? मला माहितीये."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला खरं वाटलं असतं?" ती म्हणाली. "माझं वाजवून चारलाच व्हायचं. तू येईपर्यंत तो गार पडायचा. म्हणून मग मी तो बंद करणंच सोडून दिलेलं."