हुंकार येईपर्यंत

गोष्टीला दोन माणसं लागतात. एक सांगणारं आणि एक 'हं' म्हणणारं. गोष्टीकाकांच्या वडिलांनी धान्यबाजाराच्या ओट्यावर बसून आयुष्यभर गोष्टी सांगितल्या आणि मुलाला धंद्याचा एकच नियम शिकवला. हुंकार आला नाही तर पुढं जायचं नाही. तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. तरी नाही आला तर परत म्हणायचं. ऐकणाऱ्याच्या गळी उतरल्याशिवाय पाऊल टाकलं की पुढची सगळी गोष्ट हवेत राहते.

काका पोरांच्या वाढदिवसांना गोष्टी सांगत, आणि त्यांचा हुंकार म्हणजे काकू. लग्नानंतर त्या एका वाढदिवसाला सहज बरोबर गेल्या, मागं बसल्या, आणि पोरं गप्प होती म्हणून आपणच 'हं' म्हणाल्या. तेव्हापासून ती जागा त्यांची झाली. त्यांच्याकडं साधा 'हं' होता, ओढलेला 'हंऽऽ' होता, राक्षस आला की 'अगं बाई' होतं. शेवट जवळ आला की त्या मुद्दाम उशीर करायच्या आणि पोरांचा जीव टांगणीला लावायच्या. काका त्यांना 'सरकार' म्हणत. "सरकारांची मंजुरी आल्याशिवाय आमचा राजा पाणीसुद्धा पीत नाही," हा काकांचा ठरलेला विनोद. त्यावर काकूंचं ठरलेलं उत्तर, "राजाचं बघू. तुम्ही आधी तुमची बीपीची गोळी घ्या."

पुढं वाढदिवसांचं रूप पालटलं. हॉल, फुग्यांची कमान, मोठाले स्पीकर, माइक घेऊन खेळ घेणारी ताई; या सगळ्यात गोष्टीला केक येईपर्यंतची फट उरली. कामं मिळवून देणारा डेकोरेशनवाला दर वेळी बजावायचा, "काका, आटोपशीर. मागच्या वेळी तुमचा राजपुत्र जंगलातून बाहेर येईना आणि इकडं आइस्क्रीमचं पाणी झालं." नुसत्या गोष्टीवर भागेना तेव्हा काका फुगे वळून कुत्रे-जिराफ करायला शिकले. काही दिवस त्यांनी अस्वलाचा पोशाखही घातला. आत घाम निथळायचा, पण त्यांची तक्रार दुसरीच होती. अस्वलाच्या डोक्यातून हुंकार ऐकू येत नव्हता. म्हणून त्यांनी अस्वल सोडलं. काकूंच्या मते अस्वलानंच यांना सोडलं. "त्यालाही काही इभ्रत आहे," त्या म्हणायच्या.

सामान मोजकं. एक जुनी शाल, जी कधी नदी व्हायची, कधी गाढव, कधी म्हातारीचा पदर. फुग्यांचा पत्र्याचा डबा आणि हवा भरायचा पंप. एका दुपारी निघायच्या वेळी पंप सापडेना. शेवटी तो फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी मिळाला. काका हसले. काकू हसल्या नाहीत. त्या पंपाकडं अशा बघत होत्या, जणू कुणी पाहुणा तो विसरून गेला आहे.

त्यानंतर नळ वाहता राहू लागला. गॅसवर रिकामं भांडं तापू लागलं. मग एका सकाळी दूध आणायला गेलेल्या काकूंना गल्लीतला इस्त्रीवाला हाताला धरून घेऊन आला. त्या नाक्यावर पिशवी घेऊन उभ्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या, "आमच्याकडं कुठून जायचं?" डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि गोळ्यांवर फार भिस्त ठेवू नका, असंही सांगितलं.

हुंकार मात्र शाबूत होता. हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसवलं की काकू पूर्वीच्या काकू होत. कुठं आलोय हे त्यांना ठाऊक नसायचं, पण राक्षस आला की 'अगं बाई' अचूक यायचं.

मुलगी दुसऱ्या शहरात असते. एका तपासणी प्रयोगशाळेत काम करते. ती आली ती ठरवूनच आली.

"बाबा, आईला मी घेऊन जाते."

"आणि काम?"

"ती आजारी आहे आणि तुम्हाला तुमचं काम सुचतंय?"

"माझं नव्हे, तिचं म्हणतोय. कामावर असली की ती ठीक असते. तू ये आणि बघ."

मुलीनं येऊन बघितलं. आईचा एकही 'हं' चुकला नाही. परतताना बसमध्ये काकूंनी शेजारी बसलेल्या मुलीला विचारलं, "तू कुठं उतरणार गं, बाळ?"

मुलीनं घराच्या थांब्यावर आईला हात धरून उतरवलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "राहू दे तिला इथं. पण पुन्हा एकदा जरी हरवली, तर मी ऐकणार नाही. तेव्हा मला गोष्टी सांगायच्या नाहीत."

"नाही सांगणार," काका म्हणाले.

काकूंना घरात अडकवून ठेवणं शक्य नव्हतं. सकाळ झाली की त्या पिशवी उचलून दुधाला निघायच्याच. अडवलं तर दाराशी रडायच्या. तेव्हा काकांनी स्वतःला जे येत होतं ते केलं. दूधवाल्यापासून घरापर्यंतच्या रस्त्याची गोष्ट रचली. एक म्हातारी दूध घेऊन निघते. आधी औषधाच्या दुकानाच्या पायऱ्या लागतात, म्हातारी त्यांना म्हणते, तुम्ही बसा, मला वेळ नाही. पुढं इस्त्रीवाला, त्याच्या इस्त्रीतल्या निखाऱ्यांना म्हणते, जळू नका माझ्यावर. मग सायकलवाल्याच्या दुकानात टांगलेला टायर, त्यात बसलेलं मांजर. आणि मांजरानंतर पिवळं दार. पिवळ्या दारात म्हातारा चहा ठेवून बसलेला.

दार खरंच पिवळं होतं. शेजारचा रंगारी शाळेच्या बस रंगवायचा, त्याचा उरलेला रंग. गल्लीत तसं दुसरं दार नव्हतं.

रोज सकाळी चहाबरोबर काका ही गोष्ट सांगत. हुंकार आला की पुढं, नाही आला की पुन्हा तेच वाक्य. सुरुवातीला ते काकूंच्या मागं अंतर ठेवून चालत. काकू पुटपुटत जायच्या आणि दारापाशी येऊन थांबायच्या. पुढं काकांनी मागं जाणं सोडलं. इस्त्रीवाल्याचं लक्ष असायचंच.

"काका, काकू मला रोज दम देतात," तो सांगायचा. "जळू नकोस माझ्यावर म्हणतात. माझी बायकोसुद्धा इतक्या नियमानं बोलत नाही."

"आणि मांजर?"

"मांजर नसलं तरी टायरशी बोलून जातात."

मुलीला फोनवर काका म्हणाले, "चालतंय आमचं." आणि काही महिने खरोखर चाललं.

मग एक वाढदिवस आला. काकांची आणखी एक पद्धत होती, बापाकडून नव्हे, पार्ट्यांमधून शिकलेली. ज्याचा वाढदिवस, त्याचं काहीतरी गोष्टीत घालायचं. त्याचा कुत्रा, त्याची सायकल, त्याचा आवडता रंग. पोर खूश, आई-बाप खूश, पुढच्या वर्षीचं काम पक्कं. त्या दिवशीच्या मुलीचं सगळंच निळं होतं. फुगे, केक, फ्रॉक, आजोबांचा शर्टसुद्धा. "काका, थीम निळी आहे हं," तिच्या आईनं दोनदा आठवण केली.

काकांनी शाल अंगावर घेतली आणि नेहमीप्रमाणं म्हणाले, "ऐका, नाहीतर झोपा, पण झोपलात तर घोरू नका." आणि सिंहाची गोष्ट काढली.

"ही झालीये," पुढून एक पोरगा म्हणाला. "मागच्या वर्षी माझ्या बर्थडेला."

काकांनी चतुर सुताराची काढली.

"तीपण झालीये. त्यात शेवटी पूल पडतो."

पोरं हसली. माइकवाली ताई घड्याळाकडं बघू लागली. अशा वेळी जिभेवर असेल तेच बाहेर येतं, आणि काकांच्या जिभेवर रोज सकाळी एकच गोष्ट असायची. "एक म्हातारी दूध घेऊन निघाली," ते म्हणाले.

मागून 'हं' आला.

गोष्ट रंगली. मांजराच्या ठिकाणी पोरं म्याव करू लागली. काका टायरपाशी पोचले आणि त्यांना थीम आठवली. "आणि मांजरानंतर आलं निळं दार."

हुंकार आला नाही.

पोरं मागं वळून काकूंकडं बघू लागली. काकू गप्प होत्या, कपाळाला आठी घालून. एवढ्या वर्षांत त्यांचा हुंकार असा अडला नव्हता. काका धंद्याच्या नियमानं वागले. "मांजरानंतर आलं निळं दार," त्यांनी पुन्हा सांगितलं. काकू गप्पच. मग काकांनी शाल पसरून तिचंच दार केलं, आवाज खाली आणला आणि तिसऱ्यांदा सांगितलं, "निळं दार. म्हातारीचं स्वतःचं, निळं निळं दार."

"हं," काकू म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. डेकोरेशनवाला म्हणाला, "आज काकूंनी मस्त ताणलं. हे कायम ठेवा."

त्यानंतरच्या एका सकाळी काकू दुधाला गेल्या आणि चहा निवला तरी आल्या नाहीत. काका गल्लीत धावले.

"अहो, मघाशी तुमच्या दारावरूनच पुढं गेल्या की," इस्त्रीवाला म्हणाला. "मी हाक मारली, काकू, घर मागं राहिलं. तर म्हणाल्या, हे नव्हे, माझं निळं आहे. मला वाटलं, गंमत करतायत. नेहमी करतात ना."

त्या सापडल्या तेव्हा दुपार झाली होती. बऱ्याच लांबच्या वस्तीत एक दातांचा दवाखाना आहे, त्याचं दार निळं. काकू बाकावर पेशंटांमध्ये बसल्या होत्या, मांडीवर दुधाची पिशवी. तिथल्या मुलीनं त्यांना विचारलं होतं, नंबर लावलाय का? त्या 'हं' म्हणाल्या होत्या. म्हणून कुणी पुढं चौकशी केली नाही. काका आत आले तेव्हा काकूंनी जरा सरकून त्यांना बाकावर जागा करून दिली. "बसा," त्या म्हणाल्या. "आतला म्हातारा अजून दार उघडत नाहीये."

रंगारी सगळं ऐकून म्हणाला, "काका, उद्या दारच निळं करून देतो. हाय काय अन् नाय काय. पोरीला कळायचंसुद्धा नाही."

काका पिवळ्या दाराकडं बघत बसले. मग घरात गेले आणि त्यांनीच मुलीला फोन लावला.

जावई गाडी घेऊन आला. "तुम्हीपण चला, बाबा," तो मनापासून म्हणाला. काका चारच दिवसांचे कपडे घेऊन गेले. तिकडं दोन खोल्या, दोन नातवंडं, जावयाची आई. काका परत निघाले तर काकू त्यांच्या मागोमाग जिन्यानं खाली उतरल्या आणि फाटकापाशी पकडल्या गेल्या. पुढच्या भेटीनंतरही तेच झालं. दोन्ही वेळा त्या नंतर आठवडाभर दार शोधत राहिल्या.

"बाबा, रागावू नका," मुलगी फोनवर म्हणाली, "ती इथं रुळेपर्यंत येऊ नका. तुम्हाला बघितलं की ती निघते."

"बरं," काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या दाराचा रंग कुठला गं?"

"तपकिरी. सगळ्यांचीच तपकिरी आहेत. ती मजल्यावर फिरते आणि सगळ्यांच्या कड्या वाजवते."

"दाराबाहेर काय आहे?"

"चपलांचं कपाट. वर धाकट्याचं हेल्मेट असतं."

"हेल्मेटचा रंग?"

"लाल. का?"

"ते तिथून हलवू नका," काका म्हणाले. "आणि फोन तिच्या कानाशी धर."

आता रोज सकाळी ते फोनवर गोष्ट सांगतात. त्यात लिफ्ट आहे, दोन नंबरच्या घरातून येणारा टीव्हीचा आवाज आहे, एक वाळलेली कुंडी आहे. कुंडीनंतर लाल टोपीवालं कपाट आणि कपाटाशेजारी म्हातारीचं स्वतःचं दार. पिवळं त्यात कुठं नाही. काकांनी ते मुद्दाम काढून टाकलं आहे. वाढदिवसांची कामं अधूनमधून येतात. खेळवाली ताई मागं बसून 'हं' म्हणते, पण ती प्रत्येक वाक्याला म्हणते, त्यामुळं तिचा उपयोग होत नाही.

परवा मुलगी म्हणाली, "बाबा, जमलं. कालपासून आई आपली आपण दाराशी येते. हेल्मेटवर टपली मारते आणि आत जाते. कुणाच्या कड्या वाजवत नाही. इकडचं घर आता तिला घर वाटतंय."

"म्हणजे लागली गोष्ट," काका म्हणाले.

"मग, कधी येताय?"

"बघू. आत्ता फोन तिला दे."

त्यांनी लिफ्टपासून सुरुवात केली. काकूंचे हुंकार वेळच्या वेळी येत गेले. म्हातारी दाराशी पोचली, आत गेली, आणि तिकडून हुंकाराऐवजी प्रश्न आला.

"आणि म्हातारा?"

पिवळं दार उघडं होतं, गल्लीत इस्त्रीवाला कुणाशी तरी बोलत होता. काकांनी पायानं दार लोटलं.

"म्हातारा गोष्टी सांगायला बाहेर गेलाय," ते म्हणाले. "म्हातारीनं त्याची वाट बघायची नाही. चहा घ्यायचा."

पलीकडं शांतता.

"म्हातारा गोष्टी सांगायला बाहेर गेलाय," त्यांनी पुन्हा सांगितलं. "म्हातारीनं वाट बघायची नाही."

नातवंडांचा दंगा ऐकू येत होता. कुणीतरी कपबशी ठेवली. काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा, जरा सावकाश सांगितलं.

"हं," काकू म्हणाल्या.