हार घातलेली आत्या

माझ्या सुमनआत्याला मी मारलं, तेव्हा ती उल्हासनगरात, कॅम्प पाचच्या आपल्या गच्चीवर पापड वाळत घालत होती.

झालं असं, की आमची मालिका नुकतीच उभी राहत होती. (पुढे ती इतकी चालली, की तिच्यातली तान्ही बाळं सासरी गेली!) लेखक मी. बदलापूरला, शिरगावातल्या घराच्या बाल्कनीत बसून धुक्यातले डोंगर बघत मी पात्रं घडवायचो. सून झाली, सासू झाली, आणि वाटलं, या घराला एक दिवंगत आजी हवी. सून तिच्या फोटोपुढे मन मोकळं करेल. धुक्यात मला आत्याचाच प्रेमळ चेहरा दिसला. दिला तिचा फोटो सेटवर! दोनच भागांचा प्रश्न, म्हणून तिला विचारलंही नाही.

पहिल्याच भागात फोटोला चंदनाचा हार, आणि पुढ्यात सून हमसून हमसून रडतेय. सकाळी शेजारच्या सिंधी आंटी रडतच आत्याकडे आल्या. दार आत्यानेच उघडलं.

"अरे, तुम तो जिंदा है!"

अंबरनाथचे दीर तर पांढरे कपडे घालून आले आणि चहा पिऊन गेले.

मग आत्याचा फोन. "जित्ती असताना हार घातलास मला, मेल्या? जिवंत केल्याशिवाय माझ्या दारात यायचं नाही!"

आईमागे तिनेच मला वाढवलं. हक्काने जेवायला जावं असं ते एकच घर. मी निर्मात्याला गाठलं.

"सर, आजीला परत आणू या ना!"

"पागल झालास? फोटोपुढे सून रडली की टीआरपी बघ! आजी मेलेलीच ठेव."

मी रोज भांडलो. शेवटी तो वैतागून कबूल झाला. आजी काशीला सापडेल असं ठरलं, नटीही ठरली. मी पेढे घेऊन उल्हासनगरला धावलो.

दुपारची वेळ. पडदे ओढलेले, पंखा संथ फिरत होता, आणि टीव्हीच्या उजेडात आत्या स्वप्नात असल्यासारखी बसली होती.

"आजी, मी काय करू?" सून फोटोला विचारत होती.

"सासूशी एकदा मोकळं बोल, बाई," आत्या हळूच म्हणाली. मग मला बघून तिने डोळे पुसले. "रोज विचारते रे मला. हल्ली कोण विचारतं?"

मी तिच्या हातावर पेढा ठेवला. "आत्या, तू जिवंत होतेयस! मोठी नटी करणारे तुझं काम!"

"दुसरी बाई? माझ्या जागी?" तिने पेढा परत डब्यात ठेवला. "मग मी मेलेलीच बरी! चल, जेवून घे. आणि तो चंदनाचा हार काढा रे, मोगऱ्याचा घाला."

आजही त्या मालिकेचा विषय निघाला की लोक म्हणतात, "काय आजी होती हो!" इतकी वर्षं मी पानंच्या पानं संवाद लिहिले, लोकांच्या लक्षात राहिलं ते एकच पात्र, ज्याला मी एकही वाक्य दिलं नव्हतं!